डेकवरचे जावईबुवा

सोमवार

आले एकदाची! पाय ठेवायच्या आधीच भाऊजींनी चपला काढायला लावल्या; म्हणे डेकवर चरे पडतात. घर विकून हे दोघं शिडाच्या बोटीवर राहतात. आता ताईला सातवा महिना लागलाय, म्हणून पलीकडच्या मोठ्या बंदरात जाऊन बाळंतपण करायचं ठरलंय आणि सोबतीला मी, शिवणाचं दुकान बंद ठेवून आलेली धाकटी बहीण. माझी खोली म्हणजे कपाटच आहे, पाय लांब केले की डोकं आपटतं. ताई मला बघून आधी रडली, मग तिने माझ्या केसांना नावं ठेवली. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

मंगळवार

वाटेत एका पट्ट्यात लुटारू असतात. भाऊजींनी नियम वाचून दाखवले: आपण कुठं आहोत ते रेडिओवर बोलायचं नाही, अंधार पडला की दिवा लावायचा नाही, शिडी पाण्यात सोडायची नाही. आणि बोटीवर तिघंच आहेत हे लांबून कळू नये म्हणून बुजगावणी करायची! दिवसभर बसून मी जुन्या रेनकोटांत चिंध्या आणि उशा कोंबल्या, चार गडी तयार केले. तोंडाला फडकं, काळा चष्मा, हातमोजे, गमबूट. भाऊजी शाबास म्हणाले. मी म्हटलं, तुमच्यापेक्षा देखणे झालेत.

बुधवार

निघालो. ताईने बुजगावण्यांचं बारसं उरकलं: मामा, मुकादम, आजोबा आणि मागच्या खुर्चीत पाय पसरून बसलेले जावईबुवा. काम काडीचं नाही पण ऐट बघा. त्यांचं पोट मी ताईच्या फुलाफुलांच्या उशीचं केलंय. कुणी दुर्बिणीतून बघितलं तर माणसं हलती वाटावीत म्हणून भाऊजी रोज त्यांच्या जागा आणि हातपाय बदलतात. ताई जावईबुवांना चहा विचारते आणि ते रुसलेत म्हणून सांगते. इतकं हसलो की भाऊजी ओरडले.

शुक्रवार

वारा पडलाय. डिझेल जपायचं म्हणून इंजिन बंद. लांबवर एक मासेमारीची होडी सकाळपासून दिसतेय. जवळ येत नाही, जातही नाही. भाऊजी म्हणतात, रात्रभर पहारा दिला, डोळ्याला डोळा लागला नाही. मग गालावर दोरीचे वळ कशाने उठले म्हणावं!

शनिवार

जावईबुवांनी आज पाय जवळ घेतलेत. भाऊजींना म्हटलं, छान बसवलंत. ते म्हणाले, तूच बसवलं असशील. ताईला तर वाकताही येत नाही. भाऊजी माझी फिरकी घेताहेत, दुसरं काय.

रेडिओ बंद पडलाय. वायर सुटली असेल. डेकवर पाण्याची बाटली भरून ठेवली होती, ती रिकामी. ताई प्यायली असेल. होडी आहे तिथंच आहे.

रविवार

शिडांच्या खणात जाडी सुई शोधत होते. तळाशी चिंध्या. त्याखाली फुलाफुलांची उशी. टाका माझाच.

जावईबुवांचं पोट इथं आहे.

मग खुर्चीत कोण —

रेडिओची वायर सुटली नव्हती. कापलीय.

रविवार, नंतर

ताई त्याच्या शेजारी बसलीय. विणतेय. म्हटलं, खाली ये, चहा केलाय. म्हणाली, वर आण. पाठ चोळून देते म्हटलं, तर इथंच चोळ म्हणाली. मला चक्कर येतेय म्हटलं. मग वर ये, मोकळी हवा आहे.

ताई, आयुष्यात एकदा माझं ऐक गं.

ओरडले तर तो आधी तिलाच धरेल. तिच्या पोटातलं — नाही, लिहवत नाही. तो आम्हाला मोजतोय. आम्ही तिघंच आहोत, हे त्याला कळलंय. होडी जवळ येतेय. भाऊजी खाली आलेत, पण इथलं सगळं वर ऐकू जातं. त्यांना हे पानच दाखवते.

वाचलं. हसले. मोठ्याने हसले! म्हणाले, मेहुणीबाई, आज नवीन थट्टा वाटतं? आल्यापासून माझी जीभ गप्प बसली असती तर — सदरा धरला, हात जोडले, डोळ्यांतून पाणी — ते हसतच जिना चढले. जावईबुवांची ख्यालीखुशाली विचारायला —

काहीतरी पडलं. जड.

ताईची किंकाळी. अर्धीच.

होडी बोटीला लागली. धक्का बसला.

मी केबिनचं दार लावलं. आतून अडसर घातला. मी. ताई बाहेर असताना. लिहायचं थांबले तर ओरडेन —

दार वाजतंय. ताई आहे. म्हणते, उघड गं, काही झालं नाही, मी एकटीच आहे.

एकटीच आहे असं कोण सांगतं? तिच्यामागे गमबूट वाजताहेत. एका माणसाचे नाहीत.

भाऊजींना हाक मारली. पुन्हा मारली.

ताई रडतेय. आत्ता फटीशी तोंड आणून, अगदी हळू, म्हणाली — उघडू नकोस.

उघडू नकोस म्हणाली, आणि लगेच कळवळली. मारलं तिला. पोटावर — नको, पोटावर नको रे —

आले. ताई, आले गं, थांब, हा अडसर हलत नाही, दोन्ही हातांनी