लाल दोऱ्याची गादी

मुरगूड, ता. २ नोव्हेंबर १९१३

चि. इलाही यास थोरला भाऊ ख्वाजा याची दुवा. वि. वि.

तुझे पत्र पोचले. तुझ्या भाभीला, रोशनबीला, वाचून दाखवले. कोल्हापुरात स्टेशनाजवळ शेटजींनी कापूस पिंजण्याचा कारखाना काढला, तिथे तुला काम मिळाले आणि तिथले यंत्र एकटे दहा पिंजाऱ्यांचे काम करते, हे तू दोनदा लिहिले आहेस. एकदा लिहिले असतेस तरी कळले असते. मी चौथीपर्यंत शिकलेला आहे. त्या दहा पिंजाऱ्यांचे पुढे काय झाले, ते मात्र लिहायचे राहिले. शाई संपली असावी.

तुझी पिंजायची कमान इथे खुंटीला आहे. अब्बा गेले तेव्हा तू सहा वर्षांचा. पुढे तुला ती पेलेना म्हणून मी तासून हलकी करून दिली होती. आता तिच्या तातेच्या दोरीवर कोळ्याने जाळे केले आहे. भाभी झाडायला निघाली तर मी म्हटले, राहू दे. निदान कुणीतरी त्या तातेवर काम करते आहे.

दिवाळी झाली, म्हणजे आपले गाद्या पिंजायचे दिवस. पण गावातल्या चार घरांनी गाद्या जोतीरामच्या बैलगाडीत घालून तुमच्याकडे धाडल्या. ज्या माणसाने जन्मात हौसेने कोल्हापूर पाहिले नाही, त्याची गादी कोल्हापूर पाहून आली. येताना फुगून आली, आणि तिच्याबरोबर मालकही फुगला आहे.

भाभी विचारते, जेवतोस कुठे आणि निजतोस कुठे. त्याचे उत्तर यंत्राच्या कौतुकातून वेळ काढून लिही. आमचा लोभ आहे, तो तेवढा यंत्रात घालू नकोस.

तुझा,
ख्वाजाभाई

०

कोल्हापूर, ता. ७ नोव्हेंबर १९१३

ती. ख्वाजाभाई यांचे सेवेशी इलाहीचा सलाम. वि. वि.

पत्र वाचून हसलो आणि मग रागही आला. भाभीला सांगा, जेवण एका बाईच्या खानावळीत, निजणे कारखान्याच्या पडवीत. दोन्ही बरे आहे.

त्या दहा जणांचे विचारलेत. सात जण कुठे गेले ते ठाऊक नाही. तिघांना शेटजींनी यंत्राला कापूस भरवायला ठेवले, चौथा मी. तुम्हाला वाईट वाटते ते कमानीचे, की माणसांचे? कमान खांद्यावर टाकून दारोदार हिंडायचे, कुत्री अंगावर घ्यायची. तुम्ही पन्नाशीचे झालात, तरी काल मिसरूड फुटलेला पाटलांचा पोरगा तुम्हाला ए पिंजाऱ्या म्हणतो आणि गोठ्याशेजारी बसायला सांगतो. थंडीत तुमचा खोकला चार घरे ऐकू जातो, तो कशाचा आहे? त्याच कापसाचा. अब्बाही त्यानेच गेले. अशा धंद्याचा टेंभा मिरवायला मला जमत नाही. यंत्र खोकत नाही आणि त्याला कुणी ए म्हणत नाही. उलट त्याच्यासमोर शेटजी जोडे काढतात, दसऱ्याला त्याला हार घातला होता.

कामाची रीत अशी. आलेल्या गाद्या तोलायच्या, खोळीसकट चिरून कापूस यंत्राच्या तोंडात टाकायचा. आत लोखंडी दातांचे दोन रूळ फिरतात. सगळ्यांचा कापूस एका ढिगात पडतो, आणि ज्याचा जितका भरला तितका त्याला नव्या खोळीत भरून परत. तुम्हाला आठ दिवस लागतात ते इथे दुपारच्या आत होते. शेटजी म्हणतात, पुढे भरवायलाही माणूस लागणार नाही. मुकादम आकाराम घड्याळ हातात धरून उभा असतो. मला त्याचे काही वाटत नाही, मी सगळ्यांत चपळ आहे.

रागावू नका. तुमच्या रागावरही माझा जीव आहे, तो तसाच राहावा.

आपला,
इलाही

०

मुरगूड, ता. १२ नोव्हेंबर १९१३, बुधवार

चि. इलाहीस दुवा. वि. वि.

गोठ्याशेजारी बसण्याचे लिहिलेस ते खरे आहे, म्हणून लागले. पण तूच लिहिलेली रीत वाचून माझी दोन दिवस करमणूक झाली. ज्या ओसरीला माझा पाय लागला तर ती बाटते, त्या घरची गादी तुमच्या ढिगात जाते. त्या ढिगात अख्ख्या कोल्हापुराचा कापूस, सगळ्या आळ्यांचा, सगळ्या जातींचा, माझ्या-तुझ्यासारख्यांचाही. आणि तो वजनाने घरी आणून ही मंडळी त्याच्यावर सोवळ्यात घोरतात. इतकी वर्षे भल्याभल्यांनी सांगून जे जमले नाही ते चार पैसे वाचतात म्हणून जमले. एवढे एक मी तुझ्या यंत्राच्या बाजूने मान्य करतो.

आता थट्टा पुरे. हे पत्र जोतीरामच्याच हाती देतो आहे, म्हणजे गाद्या आणि पत्र एकदमच पोचतील. गाडीत सयाजीराव पाटलांच्या पाच गाद्या आहेत. त्यांची बायको बायडाबाई माहेरी कागलला गेली आहे आणि तिच्यामागे सयाजीरावांनी हा शहाणपणा केला. मी पाहिले तेव्हा गाडी भरून झाली होती. भर रस्त्यात लोकाची गादी उसवायला मी कोण? आणि का, म्हणून विचारले असते तर सांगणार काय?

त्यातली एक निळ्या पट्ट्यांची आहे. तिच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याची फुली आहे. ती मी घातलेली आहे.

कमान खांद्यावर देताना अब्बांनी माझ्याकडून आणि मी तुझ्याकडून काय वदवून घेतले, ते आठव. बायका आपला जिन्नस गादीत ठेवतात, कारण घरात त्यांची म्हणून दुसरी जागा नसते. पिंजाऱ्याच्या हाताला तो लागला की जिथला तिथे ठेवायचा, त्या कोपऱ्याला लाल फुली घालायची, आणि कुणाजवळ बोलायचे नाही, जिचा आहे तिच्याजवळसुद्धा नाही. फुली बघून तिला कळते की जिन्नस जागेवर आहे. ही गादी तू स्वतः हाताने उसव. आत जे आहे ते काढून ठेव, कापूस यंत्रात घाल नाहीतर पंचगंगेत घाल, आणि जिन्नस नव्या गादीत त्याच कोपऱ्यात शिवून फुली घाल. दुसरे काही मागत नाही.

भाभीने शेंगांची चटणी दिली आहे. जोतीरामने वाटेत खाल्ली नाही तर पोचेल. काम तेवढे कर, मग हवा तितका उर्मट हो, आमची माया आटणार नाही.

तुझा,
ख्वाजाभाई

०

कोल्हापूर, ता. १६ नोव्हेंबर १९१३

ती. ख्वाजाभाईंस सलाम. वि. वि.

चटणी पोचली. पाटलांच्या पाचही गाद्या पिंजून, नव्या खोळी घालून परत धाडल्या. तुम्ही लिहिलेत तसे काही आत नव्हते. लाल दोराही दिसला नाही. इतक्या वर्षांचा दोरा, कुजून गेला असेल.

तुम्ही आता या जुन्या गोष्टी सोडाव्यात हे बरे. बायकांनी जिन्नस ठेवायला पेट्या घ्याव्यात, कुलपे घ्यावीत. पिंजारी म्हणजे काय सरकारी खजिना आहे? सगळे जग पुढे चालले आणि आपण फुल्या घालत बसलो.

इकडे विशेष काही नाही. गुरुवारी यंत्राचे दात मोडले म्हणून दोन दिवस काम बंद होते. शेटजी तापले आहेत. थंडी फार पडली. भाभीच्या हातची भाकरी आठवते.

जास्त लिहीत नाही. माझ्यावरची माया कमी करू नये.

इलाही

०

मुरगूड, ता. २० नोव्हेंबर १९१३

इलाही, दुवा.

बायडाबाई माहेराहून आली. काल सकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली. भाभीने पाट मांडला, तर बसली नाही. चौदा वर्षांत तिने माझ्याशी या गोष्टीबद्दल एक शब्द काढला नव्हता, मीही नाही. काल म्हणाली, "ख्वाजाभाई, गादीची फुली गेलीया. चारी कोपरं चाचपलं, हाताला काय लागत न्हाय." मला खाली बघावे लागले. मग ती गेली.

तुझ्या हातून ते गेलेच आहे, तेव्हा काय गेले हेही तुला माहीत असावे. पहिल्या प्लेगात तिची दीड वर्षाची मुलगी गेली, चिमणा. तू तेव्हा लहान होतास. सरकारची माणसे आली, पोरीचे अंथरूण, झबली, टोपडे सगळे अंगणात जाळले. सयाजीरावांनी घाबरून बजावले की तिचे काहीही घरात राहता कामा नये, नावसुद्धा काढायचे नाही. त्या बाईने पोरीच्या पायातले चांदीचे दोन वाळे तेवढे लपवले. पुढच्या दिवाळीला मी गादी पिंजायला गेलो तेव्हा ते माझ्या हाताला लागले. तेव्हापासून दर साली मी ते काढतो, पुसतो आणि परत शिवतो. दर साली ती दारातून फुलीकडे बघते आणि आत जाते.

तू लिहितोस, आत काही नव्हते. आणि त्याच पत्रात लिहितोस, गुरुवारी यंत्राचे दात मोडले. जोतीरामची गाडी गुरुवारीच पोचली. मी चौथीपर्यंत शिकलो आहे हे मागेच कळवले होते. ते दात कापसाने मोडले का? मी तुला मुलासारखा वाढवला, आणि तू मला फसवायला निघालास. मला तुझी लाज वाटते. पेट्या आणि कुलपे घ्यावीत म्हणे. कुलपाची किल्ली सयाजीरावांच्या कनवटीला असते, एवढे तुझ्या शेटजींनी शिकवले नाही वाटते.

खरे काय ते लिही. तोवर लोभ वगैरे लिहीत नाही.

ख्वाजा

०

कोल्हापूर, ता. २३ नोव्हेंबर १९१३

ती. ख्वाजाभाई यांचे चरणी इलाहीचा सलाम. वि. वि.

खरे लिहितो. फुली दिसली होती. तुमचे पत्र वाचून झाले होते आणि बंडीच्या खिशात होते.

त्या गुरुवारी सकाळी मुकादमाने माझ्याबरोबर कापूस भरवणाऱ्या त्या तिघांना घरी पाठवले. भरवायला एक माणूस पुरतो, असे शेटजींचे म्हणणे पडले. तो एक मी. आकाराम घड्याळ घेऊन माझ्या मागेच उभा होता आणि यंत्र भरधाव चालू होते. निळी गादी हातात आली तेव्हा कोपऱ्यात दोन गोल, कडक वस्तू बोटांना लागल्या. बोटांना तुम्हीच शिकवले आहे, ती चुकत नाहीत. फुली उसवायला यंत्र दोन मिनिटे थांबवावे लागले असते. थांबवले तर चौथाही घरी जाईल, असे मनात आले. एवढेच आले. कोपऱ्यासकट गादी तोंडात टाकली.

मोठा आवाज झाला. एक वाळा उडून माझ्या पायाशी पडला, वाकलेला. दुसरा दातांत सापडला, त्याचे पीठ झाले. त्या दिवसाच्या कापसात चांदीचा चुरा चमकत होता. तो कापूस तोलून सात-आठ घरांत गेला, कुणाकुणाच्या ते सांगता येणार नाही. यंत्राला डोळे नव्हते आणि बोटेही नव्हती, त्याला काय म्हणायचे? मला होती.

गादी कुणाची ते शेटजींनी विचारले, मालकाकडून भरपाई घेणार होते. मी सांगितले नाही. रोज विचारत होते. काल मला काढून टाकले, आता आकारामचा मेहुणा भरवतो. दारावर पाटी लावली आहे की गादीत काही जिन्नस असल्यास मालकांनी आधी कळवावे. ती वाचून मलाही हसू आले. ज्यांना कळवता येत नाही त्याच बायका गादीत ठेवतात.

वाकलेला वाळा मुठीएवढ्या कापसात गुंडाळून जोतीरामबरोबर धाडला आहे. मी गावात येत नाही. बायडाबाईंना तोंड कसे दाखवू? इचलकरंजीकडे हातमागांवर काही काम मिळते का बघतो. भाभीला सलाम सांगा. माझ्यावर लोभ ठेवा असे लिहायचा मला हक्क राहिलेला नाही, तरी लिहितो.

इलाही

०

मुरगूड, ता. २७ नोव्हेंबर १९१३

चि. इलाही यास दुवा. वि. वि.

तुझे पत्र आणि वाळा पोचला. मी रागाने दोन ओळी लिहिल्या, त्या भाभीने चुलीत घातल्या. म्हणाली, आधी बायडाबाईचे काम करा, मग पोराला शिव्या घाला.

वाळा सोनाराकडे नेला नाही, त्याने विचारले असते. घरीच दगडावर हळूहळू सरळ केला. मग पाटलांच्या घरी जाऊन सयाजीरावांना मोठ्या तोंडाने म्हणालो की यंत्राने तुम्हाला गुठळ्या भरून दिल्यात, एक गादी फुकट पिंजून दाखवतो, फरक बघा. सयाजीराव खो खो हसले. म्हणाले, म्हाताऱ्याला यंत्राशी कुस्ती धरायची हौस आली, करू द्या. आणि कौतुकाने मळ्यात निघून गेले. मी गोठ्याशेजारीच बसलो. तू लिहिल्यापासून ती जागा मला जास्त टोचते, पण बसलो.

बायडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. अब्बांना दिलेला शब्द मी पहिल्यांदा मोडला. वाळा तिच्या हातात दिला आणि सांगितले की एकच वाचला, दुसऱ्याचा यंत्रात चुरा झाला आणि तो कुणाच्या तरी गादीत गेला. तुझे नावही सांगितले, आणि तू काय केलेस तेही. खोटे बोलून फुली घालता येत नाही.

तिने वाळा पदराने पुसला. मला वाटले, आता तळतळाट देईल. द्यायला हवा होता, मी तरी दिला असता. ती म्हणाली, "ज्याच्या गादीत माझ्या चिमणाचा वाळा गेला आसंल, त्येची पोर सुखानं निजूं दे." मग वाळा माझ्याकडे दिला आणि तुझ्याबद्दल म्हणाली की पोराला म्हणावं, घरला ये.

इलाही, मी आजवर यंत्राला पुष्कळ नावे ठेवली आणि पुढेही ठेवणार आहे. शेटजींच्या कारखान्यात आकारामच्या मेहुण्याचीही पाळी येईल, आणि मग आकारामचीही, तेव्हा घड्याळ कुणाच्या हातात असेल ते मला बघायचे आहे. पण त्या बाईने यंत्राला की तुला एकही नाव ठेवले नाही. तू इचलकरंजीला जाणार आहेस म्हणे. जिथे जाशील तिथे तुझ्यामागे कुणीतरी घड्याळ घेऊन उभे राहीलच. पहिल्यांदा त्याच्याकडे वळून बघायला शीक. ते इथे राहूनही शिकता येईल.

खोकल्याचे तू लिहिलेस ते मी टाळले होते. खोकला वाढला आहे. हात दुखतात आणि या साली माझ्याने सगळी घरे होणार नाहीत. जी थोडी उरली आहेत तीसुद्धा.

तुझ्या कमानीवरचे जाळे आज भाभीने झाडले, मी अडवले नाही. मोहरमचा चाँद तीन दिवसांवर आला आहे, पीर बसायच्या आत ये. वाळा आत घालून बायडाबाईच्या गादीचा कोपरा मी शिवून ठेवला आहे, पण फुली घातलेली नाही. ती तुझ्या हाताने पडायची आहे. घरातला लाल दोरा संपला, येताना एक रीळ घेऊन ये.

लोभ मागतोस कशाला, तो इथेच ठेवला आहे, जागेवर.

तुझा,
ख्वाजाभाई