माझ्या खांद्याविरुद्धचा कट

३ मार्च, सकाळी
उजवा खांदा आखडला आहे. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर विश्रांती, मग व्यायाम, आणि हात नीट वर जायला लागला की खुशाल आपल्या घरी एकट्या राहा. तोवर मुक्काम चिरंजिवांकडे. केस विंचरता येत नाहीत म्हणून धडधाकट बाईला तिच्याच घरातून उचलून आणतात, हे प्रथमच पाहिलं. दहा दिवसांच्या वर राहणार नाही. बॅग रिकामी केलेली नाही. वरचे कपडे तेवढे काढले.

४ मार्च
मला सूनबाईची कामाची खोली दिली. तिचं टेबल बाहेर काढलं. लॅपटॉप आता बेडरूममध्ये, इस्त्रीच्या टेबलावर. मीटिंग उभ्याने. दहा दिवसांच्या पाहुणीसाठी कुणी फर्निचर हलवतं का? मला कायमची ठेवून घ्यायचा बेत दिसतो. कारण उघड आहे. नात सातवीत आहे. तिचं इंग्रजी ऐकून आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं. फुकटची टीचर कोण सोडेल?

७ मार्च
विश्रांती चालू. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. एकोणतीस डबे. सूनबाई थँक यू म्हणाली, पण दोनदा म्हणाली. दुपारी खांदा फार ठणकला. गादी मऊ आहे. मुद्दाम मऊ घेतली असावी.

११ मार्च
फिजिओथेरपिस्ट आली. वय जेमतेम सव्वीस. चपला काढायला लावून मला भिंतीसमोर उभं केलं, बोटं कोळ्यासारखी वर चढवा म्हणाली. जिथे थांबले तिथे पेन्सिलने रेघ मारली, बाजूला तारीख. तीन व्यायाम, प्रत्येकी दहा, दिवसातून तीनदा. फ्रिजवर चार्ट लावला, केलं की टिक करायची. तीस तारखेला तपासणी. हात रेघेच्या वर वीतभर गेला तर घरी.
दुखेल का, विचारलं. म्हणाली, थोडं दुखणारच. डॉक्टर विश्रांती घ्या म्हणतात, ही दुखणारच म्हणते. दोघांपैकी एकजण सूनबाईला सामील आहे. दाराशी दोघींची कुजबुज चालली होती. मी पाणी प्यायला गेले तर गप्प.

१३ मार्च
कट उलगडला. व्यायामाने दुखतं, दुखलं की मुक्काम वाढतो. सूनबाई मीटिंग अर्धवट सोडून तीन-तीनदा गरम पाण्याची पिशवी आणते आणि समोर उभी राहून आकडे मोजते. इतकी तत्परता निःस्वार्थी असूच शकत नाही.
निर्णय: व्यायाम बंद, विश्रांती चालू. मला मोजणाऱ्याची गरज नाही, असं सांगून खोलीचं दार लावून घेतलं. पलंगावर पडून बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात दहापर्यंत मोजते.

१६ मार्च
चार्ट भरला. वेळ वाचावा म्हणून महिनाअखेरपर्यंत भरून टाकला. तेहतीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरव्हिजन केलं. कॉपी करणारी मुलगी मी मानेवरून ओळखायचे. पण ही कॉपी नव्हे. हा सेल्फ डिफेन्स आहे.

१९ मार्च
हात रेघेच्या वर दोन बोटं! विश्रांतीचा गुण. फिरायला निघाले होते, जाता जाता सहज मापला. नव्या सँडलची टाच टोचते.

२२ मार्च, आंघोळीनंतर
हात रेघेच्या खाली. तीन बोटं. तीन दिवसांत खांदा एवढा बिघडत नाही, म्हणजे रेघ वर सरकवली आहे. रबराचा एक कण सापडला नाही. काम सफाईने केलंय. नातीला विचारलं, तुझी पेन्सिल कुठे असते? म्हणाली, कंपासपेटीत. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. तयार केलेली दिसते. मी रेघेवर बॉलपेन फिरवलं.

२५ मार्च
फिरून आल्या आल्या मापला. पुन्हा वर! बॉलपेनपुढे त्यांचं काही चालत नाही. माझ्या घरी एक तारखेपासून पेपर टाकायला सांगितलं. बॅग भरली. डाव्या हाताने भरली, कारण घाई नव्हती.

३० मार्च
तपासणी. मी सँडल घालून तयार, बॅग दाराशी. फिजिओने सँडल काढायला सांगितल्या. अतिशय नम्रपणे, तेव्हाच मला शंका आली.
अनवाणी: रेघेच्या खाली चार बोटं.
ती म्हणाली, महिनाभर हलवलाच नाही तर खांदा असाच आखडतो. मग सगळे फ्रिजपाशी गेले. उद्याचे व्यायाम आज कुणी केले, असं चिरंजिवांनी विचारलं. त्याला प्लॅनिंग म्हणतात, मी सांगितलं. कुणी हसलं नाही.
सूनबाई माझ्या बॅगेवरच बसली. आवाज न चढवता म्हणाली, "आई, तुम्हाला तुमच्या घरी जाता यावं म्हणून मी महिनाभर इस्त्रीच्या टेबलावर ऑफिस चालवतेय. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?"
मी नातीच्या इंग्रजीचा विषय काढला. कळलं की तिचा इंग्रजीत वर्गात पहिला नंबर असतो. मला शिकवायला कुणी सांगितलंच नव्हतं, हे खरं आहे. मीच रोज संध्याकाळी शिकवत होते, आणि ती बिचारी ऐकून घेत होती.
मी सँडल उचलून कपाटाच्या तळाशी ठेवल्या.

३१ मार्च, सकाळी
पेपर रद्द केला. आणखी सहा आठवडे.
सकाळचा व्यायाम खोलीचं दार उघडं ठेवून. अनवाणी. दुखलं. सूनबाईने नऊ मोजले, मी बारा म्हटलं.
तिचं बरोबर होतं.