गाडी विकायची नाही

६ जानेवारी, सोमवार

गाडी मेली! किल्ली फिरवली तर नुसतं कट् कट् कट्. समोरचे सगळे दिवे एकदम लागले — पिवळे, लाल, एका लाल गोलात तर चक्क उद्गारचिन्ह — आणि मंद होत होत विझले. दोन महिने रोज पूजा झाली की खाली जाते, पाच मिनिटं सुरू करते, बंद करते. एक दिवस चुकवला नाही. आणि त्याचं हे फळ!

वर येऊन ह्यांना सांगितलं. खिडकीकडे तोंड करून बसले होते. मान वळवली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा खिडकी. ऑक्टोबरात मेंदूचा झटका आला तेव्हापासून हे असंच. डॉक्टर म्हणाले, हातपाय वाचले हे नशीब. शब्द परत येतील, पण बोलत राहायला हवं. आणि सहा महिने गाडी चालवायची नाही. गाडी चालवत नाहीत, ठीक आहे. बोलायला कुणी बंदी केलीय? आता आता मला वाटायला लागलंय की हे मुद्दाम करतात. पहिल्यापासून हट्टीच.

पूर्वीचे दीनानाथराव असते तर म्हणाले असते, "वा! आता गाडीचं तेरावं कधी घालायचं?" तेव्हा त्याचाही राग यायचा मला.

रात्री सुदर्शनचा फोन. "आई, उभी राहून सडतीये ती. विकून टाकू. बाबा काही आता चालवणार नाहीत."
"मी चालवीन."
हसला! माझ्या पोटचा पोरगा, वाघोलीत बसून मला हसला. लायसन्स आहे माझं. त्याच्या जन्माआधीचं. वेळच्या वेळी रिन्यू केलेलं. एकदाच गाडी हातात मिळाली होती, तर हे शेजारी बसून म्हणाले, "तू गाडी चालवतीयेस की गाडी तुला?" त्यानंतर मी हात लावला नाही. झालं ते झालं. आता लावणार.

८ जानेवारी, बुधवार

चौथ्या मजल्यावरची प्रियदर्शनी ऑफिसला निघाली होती. तिला थांबवलं. अमरावतीची पोरगी, स्वतःची गाडी आहे. डिकीतून दोन जाड वायरी काढल्या, तिच्या बॅटरीतून आमच्या बॅटरीला करंट दिला, गाडी चालू!

"काकू, तुम्ही रोज पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करता न? तेच चुकते ना बाप्पा! स्टार्ट करायलाच सगळ्यात जास्त करंट लागते. पाच मिनिटांत तेवढा भरतच नाही. एक तर अर्धा तास चालवा, नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. सिम्पल."

म्हणजे मी दोन महिने रोज थोडी थोडी बॅटरी मारत होते. तेही अगदी नेमाने!

"चालवायला कोण शिकवणार?" म्हटलं.
"मी. सकाळी साडेसहा. उशीर करायचा नाही."

९ जानेवारी, गुरुवार

चालवली!! सोसायटीच्या आत तीन फेऱ्या, मग सहकारनगरच्या रस्त्यावर. सहा वेळा बंद पडली. एका दूधवाल्याने हात जोडले. जोडू दे.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

अख्खी सोसायटी येऊन गेली. येणारा जो तो ह्यांच्या हातावर तिळगूळ ठेवतोय — "घ्या काका, गोड बोला!" दर वेळी हे मान हलवायचे. सातव्या का आठव्या माणसानंतर उठून आत गेले, दार लावून घेतलं. मला इतकी लाज वाटली की विचारू नये. त्यांची नाही, माझीच. आपण दाराशीच सांगायला हवं होतं लोकांना.

त्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडमची चित्रांची कार्डं टेबलावर तशीच पडली आहेत. सफरचंद, छत्री, बदक. पहिल्याच दिवशी बदक ढकलून दिलं होतं. जन्मभर भोसरीत मोठाली मशिनं दुरुस्त केलेल्या माणसाला बदक दाखवायचं! ह्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, आताही नाही. पण मग बोलणार कसे?

१७ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा कट् कट्! दोन दिवस प्रियदर्शनी गावाला गेली होती, म्हणून गाडी काढली नव्हती. फक्त दोन दिवस! मी दिवे बंद केले होते, दारं नीट लावली होती, दोनदा बघितलं होतं. बॅटरी तर दिवाळीच्या आधीच नवी घातलेली. कुठेतरी करंट झिरपतोय.

मी पण सोडणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

प्रियदर्शनी आली, पुन्हा वायरी लावून सुरू केली, तासभर फिरवून आणली. नंतर मी ह्यांच्याच पेटीतला दहा नंबरचा पाना घेतला आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर स्वतः काढून ठेवली. हात काळे झाले. मजा आली, खोटं कशाला बोला. आता झिरप म्हणावं!

२० जानेवारी, सोमवार

हे दुपारी नेहमीसारखे खाली फिरायला गेले. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून रोज जातात. पाच मिनिटांत परत. चेहरा लाल. गाडीची दुसरी किल्ली टेबलावर आपटली. मला काही सांगायला बघत होते — "दि... दि..." — पुढे येईना. मीही चिडले. म्हटलं, "किल्ली तुमच्याकडे कशाला? डॉक्टर काय म्हणाले होते?" रात्री जेवतानाही ताटावरून उठून गेले.

भलतंच मनात यायला लागलं. हे गुपचूप गाडी चालवतात की काय? रस्त्यात पुन्हा झटका आला तर? हे तर जातील, समोरचाही जाईल. झोप कसली येतेय.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी वायर परत जोडली. किल्ली टेबलावरच राहू दिली. दुपारी हे उतरले, मागोमाग मी. जिन्याच्या खांबाआड उभी राहिले — आपल्याच नवऱ्यावर पाळत ठेवायची वेळ आली!

गाडीत बसले. काच खाली केली. किल्ली अर्धीच फिरवली, इंजिन चालू केलंच नाही. समोरचे दिवे लागले. आणि एकेका दिव्यावर बोट ठेवून बोलायला लागले.

"ते... तेल. बॅट... बॅटरी. इंजिन. प... पट्टा."

बोलत होते! हळू, अडखळत, पण स्वतःच्या आवाजात. मग त्या उद्गारचिन्हाच्या लाल दिव्यावर बोट गेलं. "हं... हं... हं..." येईना. पुन्हा पहिल्यापासून. तेल, बॅटरी, इंजिन, पट्टा — "हं..." स्टिअरिंगवर मूठ मारली. मग पुन्हा तेल.

अर्धा तास चाललं होतं. मी पदर तोंडात धरून उभी. मी ज्याला हट्टीपणा समजत होते तो माणूस रोज खाली जाऊन, कुणी ऐकत नाही अशा ठिकाणी शब्द शोधत होता. करंट झिरपत नव्हता, खर्च होत होता. आणि मी रविवारी पाना घेऊन तोही बंद केला!

मी दिसण्याआधी वर पळाले. सांगणार नाही. मला माहीत झालंय हे कळलं तर बंद करतील.

२२ जानेवारी, बुधवार

ठरलं. सकाळी मी बॅटरी भरायची, दुपारी त्यांनी वापरायची.

२८ जानेवारी, मंगळवार

एकही सकाळ चुकवली नाही. आज तर प्रियदर्शनी मागे बसली, फोन बघत. "काकू, मला बोर होऊन राहिलं, इतकी छान चालवून राहिल्या तुम्ही." चढावर थांबायचं कसं तेही शिकले — हँडब्रेक ओढायचा, निघताना सोडायचा. निघताना सोडायचं मात्र विसरते.

संध्याकाळी सुदर्शनचा फोन. "रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो. सध्या भाव बरा आहे."
"गाडी विकायची नाही."
"आई, तुला कळत नाहीये—"
"तू येऊच नकोस. रविवारी आम्हीच येतो वाघोलीला. रथसप्तमीच्या आत तिळगूळ द्यायला हवा तुम्हाला."
"कशाने येणार?"
"गाडीने. मी चालवत."
मग म्हणाला, "बाबांना घेऊन? वेड लागलंय का तुला?" आणि वर — "वाटेत काही झालं, तर त्याच दिवशी विकायची. कबूल?" मीही म्हटलं, कबूल. पण गाडी गेली तर ह्यांनी बोलायला बसायचं कुठे?

१ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांना सांगितलं, उद्या वाघोली, मी नेणार. दोन्ही भुवया वर गेल्या. नाही म्हणाले नाहीत. म्हणजे, म्हणू शकले नाहीत!

दुपारी जास्त वेळ खाली होते.

२ फेब्रुवारी, रविवार

स्वारगेटच्या सिग्नलला थांबले, हँडब्रेक ओढला. हिरवा लागला, गाडी हलेना. इंजिन बंद! सुरू केलं, पुन्हा बंद! मागून बस भोंगा वाजवतेय, रिक्षावाला काचेशी येऊन म्हणतो, "काकू, जाताय का इथंच मुक्काम?" समोर तो लाल गोल पेटलेला, आतलं उद्गारचिन्ह माझ्याकडे बघतंय, आणि मला काही सुचेना. आणि शेजारून, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं —

"हँडब्रेक! अगं हँडब्रेक सोड, बावळट! गाडी घेऊन जातीयेस की इथंच पुरतीयेस?"

सोडला. सुटलो. वाघोलीपर्यंत मला नीट दिसत नव्हतं, डोळे सारखे पुसत होते. सुदर्शनच्या दारात तिळगूळ दिला. गोड काही बोलले नाहीत हे. मला चालेल.