पाहुण्या समर्थकांचं गेट

आबा, कोल्हापुरात तुम्ही फुटबॉलच्या बंदोबस्ताला उभे राहायचात, जवळपास तेच काम मी आता इथे परदेशात, स्कारबरोत करते. अंगावर खाकीऐवजी पिवळं जॅकेट, हातात वॉकीटॉकी. एका छोट्या मैदानाची सिक्युरिटी सुपरवायझर. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि शनिवारपासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतेय.

कॉलेजात असताना एकदा जेवताना मी म्हटलं होतं, "ह्या पेठांतल्या टग्यांना मैदानात घेताच कशाला? सरळ बंदी घाला." तुमचा घास हातातच राहिला. "टगा एखादाच असतोय. बाकीचे आठवडाभर राबून दोन घटका वरडाय येत्यात. त्यास्नी कोंडायचा हक्क तुला कुणी दिला?" मी रागानं ताटावरून उठले. त्याच वर्षी साहेबांच्या हुकमावरून तुम्ही मैदानाच्या एका दाराला कुलूप लावलंत, लोक भिंतीवरून उड्या टाकायला लागले आणि एकाचा पाय मोडला. घरी येऊन तुम्ही बूट न काढता स्वयंपाकघरात बसलात. "कुलूप मीच लावलं," एवढंच आईला म्हणालात. चहावर साय धरली तरी कप उचलला नाहीत.

गेल्या महिन्यात आमच्या पार्किंगमध्ये दोन्ही टीमचे समर्थक भिडले. बाटली लागून एकाचा डोळा थोडक्यात वाचला. म्हणून शनिवारी मॅनेजरनं सांगितलं, मॅच संपली की पाहुण्या टीमच्या समर्थकांना अर्धा तास आतच ठेवायचं. मलाही ते पटलं होतं. गेट मीच लावते. आधी त्यांची गाणी चालू असतात, मग ढोल थांबतो आणि मागून रेटा येतो. पन्नाशीची एक बाई जाळीला दाबली जातेय. "आर वी अंडर अरेस्ट?" ती विचारते. "नो मॅम, फॉर युअर सेफ्टी." "देन ओपन इट! आय कान्ट ब्रीद!" मी वॉकीटॉकीवर परवानगी मागते. "होल्ड," मॅनेजर म्हणतो. पुन्हा मागते. "होल्ड." बाईचे ओठ पांढरे पडतात, तेव्हा मी न विचारता गेट उघडते.

ती वाचली. पण पार्किंगमध्ये यजमान टीमचे काही समर्थक दबा धरून होते, आणि त्या मारामारीत पाहुण्यांपैकी एका विद्यार्थ्याचे पुढचे दोन दात गेले. त्याचे वडील आपल्याकडचेच, हिंदीत म्हणाले, "आपने गेट खोला क्यों?"

उद्या चौकशी आहे. हे पत्र कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. धोका दिसताच दोन मिनिटांत गेट उघडलं, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलंय. आबा, अकरा मिनिटं लागली. बाकीची नऊ मिनिटं मी तिच्याकडे बघत माझ्या नोकरीचा विचार करत होते.