पहिला टोस्ट कोणाचा

१६ नोव्हेंबर, रविवार

माझी मैत्रीण जेबा, तिच्या निकाहात वॅफलच्या दोन मशिनी आल्या! एक तिनं मला दिली. "नागपूरच्या नोकरीत उपाशी राहू नको." आईनं, आमच्या याडीनं, मशीन उघडली, मिटली, परत उघडली. आत नुसत्या चौकटी. बा म्हणाले, "ब्रेडले इस्त्री करते का हे?"

मी मात्र ठरवलं. जायच्या आधी एकदा तरी याडी सगळ्यांच्या आधी खाईल. बसून, गरम! रोज सगळ्यांचं उरकून कालची भाकर फडक्यात बांधते अन् कापूस वेचायला निघते. मी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले, घरातली पहिली. आईला एक गरम घास देऊ शकत नाही म्हणजे काय?

१७ नोव्हेंबर

दूध, वेलची, त्यात ब्रेड बुडवायचा अन् मशीनमध्ये दाबायचा. अंडं फोडणार तेवढ्यात याडी धावली. "भोगाले अंडं?"

विसरलेच होते. आपल्याकडे गोड केलं की पहिला तुकडा तूप घालून चुलीतल्या निखाऱ्यावर — देवाला. त्याआधी चाखायचंही नाही, उष्टं होतं. म्हणून पहिला टोस्ट देवाचा. दुसरा बांचा. तिसरा बादलचा. घास घेऊन भाऊ म्हणतो, "ताई, देवाले शुगर झाली काय व?"

साखर घालायची राहिली होती! चाखल्याशिवाय कळणार कसं?

चौथा याडीचा. झाकण मिटलं अन् लाईट गेली. ओला गिच्च टोस्ट तिनं खाल्ला. "मस्त झाला." खोटारडी!

२० नोव्हेंबर

आज याडीशी तह केला. पहिला देवाचा, मान्य. दुसरा तुझा. आणि याडी चक्क पाटावर बसली! मी जिंकले होते. तिनं टोस्ट हातात घेतला, चौकटींवरून नीट मोडला — दोन बांना, दोन बादलला, एक मला, एक दारात आलेल्या शेजारच्या रुपीबाईला.

"याडी! तुझा होता तो!"

"मग काहून चौकटी पाडल्या? वाटाले बरं म्हनूनच ना?"

तिच्या हातात चुरा उरला. तो तिनं कोंबडीला टाकला.

२३ नोव्हेंबर, रविवार

भाषण दिलं. घरातला क्रम, बाईचं शिळं अन्न, समता — परीक्षेत लिहिलं त्याहून चांगलं बोलले. बादल टाळ्या वाजवत होता, वात्रट! बा मान खाली घालून ऐकत राहिले. मग उठले आणि "सरक" म्हणाले. याडीसाठी टोस्ट करायला माझे बा मशीनपाशी बसले!

झाकण मिटलं, पण उघडायचं केव्हा ते विचारलं नाही. घरभर धूर. काळाकुट्ट टोस्ट शेळीपुढे धरला — तिनं हुंगला अन् तोंड फिरवलं. याडी पोट धरून हसली. "शेळीले तरी कायले पहिला मान देता?"

बा रुसले. पण मी पाहिलं — हसताना याडी त्यांच्याकडेच बघत होती.

२४ नोव्हेंबर

बादलनं मशीनवर खडूनं लिहिलंय — समता.

२७ नोव्हेंबर

ब्रेड संपला. मीही संपले. बॅग भरतेय. मशीन इथेच ठेवणार, बघून राग येतो.

३० नोव्हेंबर, रविवार

दारव्ह्याच्या जीपमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय.

सकाळी उठले तर याडी मशीनपाशी. ब्रेड कोणाकडून मागवला, देव जाणे. चुलीत निखारे लाल होते, पण त्यांवर काहीच ठेवलेलं नव्हतं. तिनं ताटली सरळ माझ्यापुढे सरकवली.

"भोग?"

"देव घरीच राह्यते. तू जाऊन राह्यली."

बा तिथेच बसले होते. त्यांनी तुपाची वाटी पुढे केली.

टोस्टमधून वाफ निघत होती. आणि एक कोपरा नव्हता! मी त्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग याडीकडे.

"अशी काय पाह्यतं? साखर पडली का नाही, पाहावं लागते ना!"

तिच्या ओठांवर तूप चमकत होतं.