अंबुअक्काचं मशीन, सागरचा पासवर्ड

३ फेब्रु., सोम.
परत तेच. अंबुअक्का आठला येऊन हात मांडीवर ठेवून बसली. सागर साडेअकराला उगवला.

लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या गावी विसरेन. चादर-टॉवेलचा कारखाना. मी तेरा दिवसांचा, पडेल ते काम. अक्का बावीस वर्षांची जुनी. मागावर जे पुठ्ठे लावतात त्यांना भोकं पाडायचं मशीन ती चालवते. त्या भोकांवरून चादरीत मोर उमटतो, नाहीतर नुसतंच पांढरं सूत. मशीन यूएसबीनं कंप्युटरला जोडलेलं. आधीचा कंप्युटर व्हायरसनं मेला म्हणून मालकांच्या भाच्यानं, सागरनं, मित्राकडून लिनक्स टाकून घेतलं. तेव्हापासून अक्कानं बटण दाबलं की पडद्यावर परमिशन डिनाईड. सागर येतो, कीबोर्डवर वाकून पासवर्ड मारतो, जातो. लाईट गेली की मशीन बंद, की परत सागर.

बाईला लघवीला जायला विचारायला लावल्यासारखं वाटतं बघताना. वीट आला.

४ फेब्रु.
अक्का म्हणाली, "बिरू, तुला येतंय का रे ह्यातलं?"
"येतंय की."
येत नव्हतं. आयटीआय एक वर्षात सोडलं, बाकी सगळं मोबाईल दुकानात उभं राहून शिकलेलं. जेवणाच्या सुट्टीत शोधत बसलो. शोधता शोधता हुबळीच्या गाड्यांचं वेळापत्रक बघितलं, मग एकजण जुना रेडिओ दुरुस्त करतो तो व्हिडिओ, शेवटपर्यंत. सुट्टी संपली. तरी एवढं कळलं की मशीन बिघडलेलं नाही. कंप्युटर ते फक्त रूटला हात लावू देतो.

अक्का, "रूट म्हंजे कोण?"
"कंप्युटरचा मालक समज."
"मालक तर तिकडं केबिनमदी झोपलेत."

५ फेब्रु.
सागर पासवर्ड मारून फोनवर बोलत दारापर्यंत गेला. तेवढ्यात मशीनपुरतं कुलूप मोकळं केलं, एका ओळीत. अक्काच्या नावावर मशीन खडाखडा चाललं! ती हसली, दात पहिल्यांदा बघितले तिचे. माझी छाती फुगली. कँटीनमध्ये दोघांना सांगितलंसुद्धा.

दोन वाजता लाईट गेली. कंप्युटर बॅटरीवर राहिला, मशीन बंद पडलं. लाईट आली. परमिशन डिनाईड.

म्हणजे मशीन बंद होऊन चालू झालं की कंप्युटर त्याला नवा पाहुणाच समजतो, नवा नंबर देतो. मी मोकळं केलं होतं ते जुन्या नंबराला.
अक्का, "बावीस वर्सं रोज येतीय मी, वॉचमन तरी असं इचारत न्हाय."
कँटीनकडं गेलो नाही.

६ फेब्रु.
मालक स्वतः आले. एका हॉटेलचा टॉवेल, कडेला वेल, नमुना शनिवारी पाहिजे. "अक्का, तुमचं सारखं अडतंय. शनिवारी झालं न्हाय तर पुठ्ठे भाईरनं पाडून घीऊ. तुमी घडीवर बसा की, आरामाचं काम."
घडी म्हणजे टॉवेल दुमडायचे दिवसभर. आराम म्हणे. थू.

अक्का नंतर फोनवर बहिणीशी तेलुगूत बोलत होती. मला त्यातलं 'घडी' तेवढं कळलं, तीनदा.

तिचं कुठं अडतंय? सागर साडेअकराला येतो, तिथं अडतंय. हे मालकांना तोंडावर म्हणायला पाहिजे होतं. मी झाडू उचलून सुताची लव गोळा करायला लागलो, जसं काही महत्त्वाचं.

७ फेब्रु., शुक्र.
नीट वाचलं आज. दोन कामं. एक गट करायचा, त्यात अक्काचं नाव. दुसरं, एका फाईलीत नियम लिहायचा, की ह्या कंपनीचं ह्या नंबराचं (हा मशीनचा स्वतःचा, न बदलणारा) यंत्र केव्हाही लागलं तरी ह्या गटाला वापरू दे. एकदाच. मग लाईट शंभर वेळा जाऊ दे. फक्त ती फाईल ठेवायला रूट लागतो. म्हणजे सागर.

त्याला सांगितलं. हसला. मला माझ्या गावाच्या नावानंच हाक मारतो. "ए सांगोला, मग मला कोण इचारणार हितं?"
हसत म्हणाला, पण खरंच म्हणाला. एवढ्याशा गोष्टीवर माणूस आपली खुर्ची टेकवून ठेवतो.

मालक मागं उभे होते म्हणून मारला शेवटी पासवर्ड. गट केला, नाव घातलं, नियम लिहिला, नंबर दोनदा ताडून बघितले. मशीनची वायर काढून परत लावली.
परमिशन डिनाईड.
मालक केबिनकडं गेले. सागर, "झालं का इंजिनेर?" मग अक्काला मोठ्या मनानं, "ऱ्हाऊ दे अक्का, रूटचाच पासवर्ड देतो तुला. सगळंच उघडं."
मला वाटलं सुटली. तर ती म्हणाली, "नगं. ह्यातच मालकांचे कागद, क्यामेऱ्याचं चित्र, पगाराचं. उद्या कायतरी गेलं तर नाव कुणाचं येणार? मला माझं मशीन चालवायचंय, तेवढंच द्या."
अख्ख्या शेडात अक्कल एकीलाच, आणि घडीवर तिलाच बसवणार.

८ फेब्रु., शनि.
आठला मीही गेलो. अक्कानं पडद्यावरचा टॉवेल काढला. खाली कालची वेल तशीच उघडी.
"अक्का, सांजच्याला तू ह्यातनं भाईर पडत न्हाईस?"
"कशाला? परत सगळं उघडाय लागतंय. टॉवेल टाकते, लव बसत न्हाय."
"कधीपासनं?"
"दिवाळीची पूजा झाली तवापासनं."
कपाळावर हात मारला. गटातली नावं कंप्युटर आत शिरताना, म्हणजे लॉगिनच्या वेळीच, बघतो. अक्का दिवाळीपासून आतच. काल तिचं नाव घातलं ते तिला लागणार कधी? नियम बरोबर होता! बाहेर काढलं तिला, परत तिच्याच पासवर्डनं आत घेतलं. चाललं.

बाराला लाईट गेली. दोघं मशीनकडं बघत बसलो, ती तोंडात पदर धरून. लाईट आली. अक्कानं बटण दाबलं. खडाखड. कुणाला विचारलं नाही.
"अय्यो," म्हणाली, एवढंच.

चारला पुठ्ठे मागावर चढले, पाचला वेल उतरली टॉवेलवर. मालक हात फिरवत "छान छान". तेवढ्यात सागर, "मामा, ह्यानं कंप्युटरच्या आत हात घातलाय. कायबी व्हायचं उद्या. सोमवारी डिझाईनची कॉपी काढतो आन् सगळा पुसून नवा टाकतो."
"टाक की."
"आन् माझं वो?" अक्कानं विचारलं.
"सोमवारी बघू. सागर सांगंल तसं."
टॉवेल हातात धरून बोलले हे. तिनं केलेला.
मी म्हणालो, "मालक, नियम बरोबर हाय, पुसायची गरज न्हाय." सागर म्हणाला, "तू लव झाड." सगळे हसले. मालकही.

९ फेब्रु., रवि.
सुट्टी. अक्कानं घरी बोलावलं, चहा, कडक भाकरी, शेंगाचटणी. मग डिझाईनचा चौकड्यांचा कागद पुढं सारला. "त्ये काय लिवलंस त्ये सांग."
मोबाईलवर दाखवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही. एका चौकडीत एक अक्षर, मोर काढते तसं काढत गेली. अवतरणाची चिन्हंसुद्धा, बारीक, जागच्या जागी. तासभर. मी तपासलं. एक चूक नाही. माझ्या दोन निघाल्या असत्या.
"सोमवारी पुसलं तर हे परत घालायचं."
"घालायला पासवर्ड लागतोय अक्का. सागरचा."
"ठावं हाय. मालकांम्होरं मागते. दील न्हाईतर न्हाय म्हणंल, सगळ्यांम्होरं म्हणू दे." कागदाची घडी केली, ब्लाऊजमध्ये ठेवली. "तू अससील न्हवं?"
"असतो की," म्हणालो.
हुबळीच्या गाडीचं उद्या सकाळी सातचं तिकीट शुक्रवारीच काढलंय, तिला माहीत नाही. परत करता येतं का बघितलं मघाशी. येतं. अजून केलं नाही.