ताईची दुसरी शीर

४ जुलै

चि. धाकट्यास, अ. उ. आशीर्वाद.

माझी किडनी तुला चालेल का, ते बघायचं स्कॅन झालं. किडन्या दोन्ही झकास आहेत. गंमत वेगळीच निघाली. पायांकडचं रक्त वर नेणारी मोठी शीर इतरांना एकच असते, मणक्याच्या उजव्या अंगाला. मला डावीकडेही एक आहे! किडन्यांपाशी जाऊन दोघी एक होतात. स्कॅनच्या डॉक्टरीणबाईंनी आणखी दोघांना बोलावून दाखवलं. जन्मापासूनची आहे, त्रास नाही, म्हणाल्या. तुझे मेहुणे म्हणतात, तरीच ही दोघींइतकं बोलते. सर्जन विचार करून कळवणार आहेत. डायलिसिसला खाडा करू नकोस.

तुझी ताई


९ जुलै

ती. ताईस सा. न.

रागावू नकोस. ऑपरेशन नको, असं मी सर्जनना सांगून आलो. नळकामात जन्म गेला माझा. भिंत फोडल्यावर नकाशात नसलेली लाइन दिसली की आम्ही तिला हात लावत नाही. कधीतरी काहीतरी बिघडलं, म्हणूनच ती टाकलेली असते. तुझीही उगीच नसेल. माझं मशीनवर जमतंय.

लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा


१३ जुलै

चि. धाकट्या, आशीर्वाद आहेत, पण कान धरून.

माझ्या पोटाचा निकाल मला न विचारता लावलास? अरे, पोट म्हणजे मोरी नव्हे! काही बिघडलेलं नाही. आईच्या पोटात असतानाच इतरांची ती शीर विरून जाते, माझी राहिली, इतकंच. डाव्या किडनीची शीर तिला मिळते, म्हणून डावी तशीच ठेवून उजवी काढणार. जमतंय म्हणतोस, आणि तुझी बायको सांगते, जिना चढताना मध्येच बसतोस. तू स्वतः हो म्हटल्याशिवाय तारीख मिळणार नाही. ऊठ आणि जा.

वाट बघणारी,
ताई


१८ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

गेलो होतो. सर्जनना सगळं कागदावर काढायला लावलं. आधी बांधणार कुठे, कापणार कुठे, गाठ सुटली तर काय? असं गिऱ्हाईक देव कुणाला न देवो, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, काम माझ्या बहिणीच्या पोटात आहे.

मी शुद्धीवर येईन आणि तू येणार नाहीस, ही भीती अजून आहे. तेही सांगितलं. ते म्हणाले, ती आम्हालाही असते, म्हणून तर आत शिरण्याआधी स्कॅन बघतो.

पुढच्या महिन्यातली तारीख घेतली आहे. आजवर पत्राच्या शेवटी नुसता लोभ मागत आलो. या वेळी किडनीही मागतो. दे.

तुझा धाकटा